आयुष्याची पीक-पाहणी

वर्षप्रतिपदा जवळ आली कीं आयुष्यांतील ध्येयें कागदावर लिहून काढावींत, म्हणजे जगण्यास दिशा मिळते, असा उपदेश पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतो. आमच्या शेतकरी बंधूंपैकीं कित्येकांस हा शहरी लोकांचा चाळा वाटतो. आमचें मत तसें नाहीं. यादी अवश्य करावी. मात्र ती कशी करावी हें दुसऱ्याकडून शिकण्याचें कारण नाहीं. तिचा नमुना प्रत्येक खातेदाराच्या घरीं आहे.

तो नमुना म्हणजे सात-बारा. महसूल खात्यांत तीसहून अधिक वर्षें कारकुनी करून आम्ही निवृत्त झालों, त्यामुळें हा कागद आमच्या अंगवळणीं पडलेला आहे. गांव नमुना सात सांगतो कीं जमीन कोणाची. नमुना बारा सांगतो कीं त्या वर्षीं तींत काय पेरलें, किती क्षेत्रावर, पाणी कोणतें आणि पड किती. बहुतेक माणसें आपली यादी नमुना सातासारखी लिहितात. बंगला असावा, ट्रॅक्टर असावा, मुलगा साहेब व्हावा. कशाकशाचा ताबा मिळावा एवढेंच तींत असतें. आमच्या मतें ती बाराप्रमाणें असावी. अमुक काम कोणत्या हंगामांत, कोणत्या पैशानें, हें समोर लिहावें. आणि जें वर्ष पड गेलें तें पड म्हणूनच नोंदवावें.

या नमुन्यांतील एक दोषही आम्हांस ठाऊक आहे. पूर्वीं पुष्कळदां पाहणी शिवारांत न जातां चावडींत बसून होई. मागील सालचें पीक पुढें ओढलें जाई आणि उभ्या कपाशीच्या जागीं ज्वारी लागे. नुकसानभरपाईच्या वेळीं त्याचें फळ खातेदारास भोगावें लागे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, मोबाइलवर पिकाचें छायाचित्र घेऊन नोंद करावी असें ठरलें. (सातपुड्यांत रेंज मिळत नाहीं ही तक्रार रास्त आहे, पण तो विषय निराळा.)

चावडींत बसून केलेल्या नोंदीचें उदाहरण म्हणून आमचीच गोष्ट सांगतों. नोकरी लागली त्या सालीं आम्हीं एका वहीच्या शेवटच्या पानावर सात कलमें लिहिलीं होतीं. निवृत्तीनंतर दप्तर आवरतांना ती वही हातीं आली. विहिरीचें बांधकाम व मुलीचें शिक्षण हीं दोन कलमें पुरीं झालीं होतीं. तिसरें होतें, मातोश्रींस काशीयात्रा. मातोश्रींनीं काशीचें नांव कधींच काढलें नव्हतें. महाशिवरात्रीस तोरणमाळच्या यात्रेच्या गाड्या निघत तेव्हां, एकदां गोरखनाथाचें दर्शन घडावें, एवढें त्या बोलून दाखवीत. शहाद्याहून तें ठिकाण एका दिवसांत जाऊन येण्यासारखें. पण आम्हीं चारचौघांत सांगावयास बरें दिसतें म्हणून काशी लिहिली. काशीस रजा व पैसा जुळेना, आणि काशीच्या नांवाखालीं तोरणमाळही राहिलें. मातोश्रींस जाऊन अकरा वर्षें झालीं.

यंदाच्या माघांत आम्ही एकटेच तोरणमाळास गेलों. दर्शन झाल्यावर यशवंत तलावाच्या कांठीं एक पावरा शेतकरी भेटला. धडगांवास पूर्वीं नोकरी केल्यामुळें त्याची बोली आम्हांस समजते. "दादा, पुढें काय करावयाचें मनांत आहे?" असें सहज विचारलें. तो म्हणाला, "भाऊसाहेब, खालच्या वावराचा बांध वाहून गेला आहे, तो पावसाआधीं दगडांनीं बांधायचा. पुढल्या वर्षीं त्याच्या कडेला आंबा. आणि धाकट्याची दहावी होईपर्यंत ऊसतोडीला गुजरातेंत जायचें नाहीं, नाहींतर त्याची शाळा सुटते." त्यानें कागद केला नव्हता. तरी प्रत्येक कामास हंगाम होता, आणि तिसरें कलम तर काय करावयाचें नाहीं याचें होतें.

हें तिसरें कलम आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवानें पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळांत, १९८९ नंतर, जी वाट धरली तिची सूत्रें पाहा: नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान. पांचांत चार बंद्या. पुढें सिंचनासाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं, ऊस लावावयाचा नाहीं, हेंही ठरलें. तेथें पावसाच्या मानानें पाण्याचा ताळेबंद मांडतात व पाणी तोकडें असेल तर पिकांचा बेत त्याप्रमाणें बदलतात. पवारांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, पण आम्हांस त्या ताळेबंदाचें मोल अधिक वाटतें. कर्ज काढून मांडव घालणार नाहीं, शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पाहून आपला घेणार नाहीं, अशीं दोन कलमें आपल्यांपैकीं किती जणांच्या यादींत आहेत?

कोणी म्हणेल, पाऊस आपल्या हातीं नाहीं, बाजारभाव नाहीं, मग यादी कशाला? पेरणीच्या वेळींही हें दोन्ही हातीं नसतें. तरी आपण पेरतों, आणि उगवण फसली तर दुबार पेरतों. शेऱ्याचा रकाना त्यासाठींच असतो.

आम्हीं नवी यादी घरांतील सर्वांस विचारून केली. तींत तीनच कलमें आहेत. बांधावर आंब्याचीं दहा झाडें लावावयाचीं. त्यांसाठीं दहा-दहा मीटरांवर, मीटरभर लांब, रुंद व खोल असे खड्डे आखाजीपूर्वीं घेऊन उन्हांत तापूं द्यावयाचे आणि लागवड पहिल्या चांगल्या पावसावर. दिवाळीपर्यंत महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम ८५ प्रमाणें मुलांची वाटणी आमच्या डोळ्यांदेखत. तिसरें कलम आमच्या कुटुंबानें सांगितलें: येत्या महाशिवरात्रीस तोरणमाळ. काशीचें नांव तिनेंही काढलें नाहीं.