बाहुला बोलतो, पण आवाज कोणाचा?

आमच्या आपटा गावाचे नाव सिनेमावाल्यांना ठाऊक आहे ते रेल्वे स्थानकामुळे. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या चित्रपटाच्या शेवटचा गाडीचा प्रसंग आपटा स्थानकावर चित्रित झाला. बाहेरचा पाहुणा आला की पहिला विषय तोच काढतो. परंतु पाताळगंगेच्या काठावरील वस्तीतल्या पोरांना विचारा, बाबांनो, तुमचा सिनेमा कोणता? ती शाहरुख खानचे नाव घेणार नाहीत. ती सांगतील, 'झपाटलेला'. तो सिनेमा आला तेव्हा या पोरांचे आईबाप शाळेत होते. तरीही तात्या विंचूचा घोगरा आवाज काढता येत नाही असा पोरगा वस्तीत सापडणे कठीण!

हा विषय या स्तंभात घेण्याचे कारण आहे. जयंतीच्या तयारीच्या एका बैठकीत तरुणांनी सूचना मांडली की एका रात्री विहाराच्या पटांगणात मोठा पडदा लावून 'झपाटलेला' दाखवावा. एक ज्येष्ठ कार्यकर्ते संतापून उभे राहिले. ज्या समाजाने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ज्या धम्मात आत्म्याला थारा नाही, त्या समाजाच्या विहारासमोर मंत्र म्हणून बाहुल्यात आत्मा घालणारा सिनेमा दाखवायचा? मग आपल्यात आणि जत्रेत फरक तो काय? पोरे खाली मान घालून गप्प बसली. सूचना बारगळली.

त्या ज्येष्ठांविषयी मला नितांत आदर आहे. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडताना गावाचा रोष पत्करणारी ती पिढी. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परंतु पोरांचे प्रेमही असे एका वाक्यात मोडीत काढण्यासारखे नाही. हे प्रेम कशावर आहे, हे आपण कधी तपासले का? की आपल्या पोरांना जे आवडते ते सारे कचरा, असे गृहीत धरूनच आपण बोलतो?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'झपाटलेला' हा महेश कोठारे यांचा १९९३ सालचा चित्रपट. मूळ कल्पना 'चाइल्ड्स प्ले' या १९८८ सालच्या अमेरिकन भयपटाची. तात्या विंचू नावाचा गुंड बाबा चमत्कार नावाच्या बाबाकडून मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसाच्या गोळीने मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि एका बाहुल्यात शिरतो. हा बाहुला खेड्यातल्या लक्ष्याच्या हाती येतो. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांचा नाद. पुढे बाहुला गुन्हे करतो आणि संशय लक्ष्यावर येतो. त्याआधी, १९९० साली, कोठारेंचाच 'धडाकेबाज' आला होता. मराठीतला पहिला सिनेमास्कोप चित्रपट म्हणून तो ओळखला जातो. त्यात बाटलीतला गंगाराम होता, कवटीचा मुखवटा घातलेला कवट्या महाकाळ होता आणि भरपूर मारामारी होती. मारामारी, जादू आणि विनोद यांची ही मिसळ मराठी माणसाने जी उचलून धरली, ती आजतागायत सोडलेली नाही. तात्या विंचू आणि कवट्या महाकाळ आता पोरांच्या मोबाइलवरच्या चेष्टामस्करीत जाऊन बसले आहेत.

समीक्षकांनी अशा चित्रपटांना पोरखेळ म्हटले. कलात्मक सिनेमाच्या यादीत त्यांना जागा नाही. तरीही तीस वर्षांहून अधिक काळ लोक ते पुन्हा पुन्हा पाहतात, ते का?

माझ्या मते पहिले कारण म्हणजे लक्ष्या. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले, पण त्यांचा लक्ष्या वस्तीत अजून घरचा आहे. कुंग-फूच्या चित्रपटांत एक ठरलेली रीत असते. दुबळा पोरगा मार खातो, गुरू शोधतो, घाम गाळतो आणि शेवटी दहा जणांना लोळवतो. १९७३ सालच्या 'एंटर द ड्रॅगन'नंतर आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी भिंतीवर ब्रूस ली लावला. लक्ष्या त्यातला नाही. तो घाबरतो, पळतो, अडखळतो आणि तरीही टिकून राहतो. ज्याच्या अंगात बळ नाही, घरात पैसा नाही, ओळखीचा साहेब नाही, त्यानेही शेवटपर्यंत टिकायचे असते, हे तो हसवत हसवत दाखवतो.

आणि लक्ष्याची खरी शोकांतिका कोणती? तो खरे सांगतो आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. बाहुला जिवंत आहे असे तो ओरडून सांगतो आणि वेडा ठरतो. प्रेक्षक खदाखदा हसतात. वकिलीत इतकी वर्षे काढल्यावर मला मात्र त्या हशाखालचे दुसरे काही दिसते. आपला माणूस पोलीस ठाण्यात जातो तेव्हा त्याची पहिली लढाई आरोपीशी नसते, ठाण्यातल्या टेबलाशी असते. 'खरंच असं झालं का? तूच काही केलं असशील!' म्हणूनच अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती करून फिर्याद नोंदवणे, ती फिर्यादीला वाचून दाखवणे, ही लोकसेवकाची कर्तव्ये कलम ४ मध्ये स्पष्ट लिहावी लागली. कायद्याला असे लिहावे लागते याचाच अर्थ खरे बोलणाऱ्या लक्ष्याला ऐकून घेण्याची रीत आपल्याकडे नव्हती. वस्तीतल्या पोरांना कलम ठाऊक नसेल, पण लक्ष्याची गोची त्यांना न सांगता कळते.

दुसरे कारण भीतीचे. गावगाड्यात भीती ही नुसती भावना नव्हती, ती व्यवस्था होती. वेशीवर कोण राहील, स्मशानात लाकडे कोण वाहील, रात्रीबेरात्री सांगावा घेऊन कोण धावेल, हे ठरलेले होते. ज्याने अंधारात फिरायचे त्यालाच भुताचा धाक घालायचा, आणि उतारा काढणाऱ्याने त्याच्याच घरची कोंबडी न्यायची! अशा समाजाचा नातू पडद्यावर पाहतो की साऱ्या गावाला धाक घालणारा तात्या विंचू म्हणजे एक टीचभर बाहुला आहे, तेव्हा तो हसतो. ज्याला माणूस पोट धरून हसला, त्याच्यापुढे तो पुन्हा नारळ फोडायला सहजासहजी जात नाही.

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे येतो. ते म्हणतील, वकीलसाहेब, सिनेमात मंत्र चालतो ना? बाबा खोटा ठरतो का? नाही ठरत. गोष्टीत मंत्र खरा आहे, हे मान्य केलेच पाहिजे. 'झपाटलेला' हा अंधश्रद्धा निर्मूलनाचा चित्रपट आहे असा दावा मी करणार नाही. ते धादांत खोटे होईल.

परंतु गोष्टीच्या बाहेर या, आणि बाहुला कसा बोलतो ते पाहा. हा बाहुला रामदास पाध्ये यांचा. पाध्ये म्हणजे बोलक्या बाहुल्यांची कला वडिलांकडून घेतलेला, अर्धवटरावांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेणारा कलावंत. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. वस्तीतल्या पोरांना हे सारे पाठ आहे! बाहुला बोलत नाही, माणूस बोलतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे आणि म्हणूनच तर त्यांना मजा येते. पोरगा आरशासमोर उभा राहून ओठ न हलवता बोलायचा सराव करतो, तेव्हा तो काय शिकतो? आवाज एकीकडून येतो आणि लोकांना दुसरीकडून आल्यासारखा वाटतो, हे तो स्वतःच्या घशाने शिकतो.

ज्याला हे कळले, त्याच्यापुढे कोणी अंगात आल्याचे सोंग घेऊन घुमू लागला तर तो काय विचारेल? 'आवाज कोणाचा?' देव बोलतोय म्हणता, मग देवाला याच घरची जमिनीची भांडणे कशी ठाऊक? देवीला नेमकी याच सुनेची चूक कशी दिसते? अंगात येणे ही पुष्कळदा बोलक्या बाहुल्याचीच कला असते. फरक एवढाच की पाध्ये तिकीट लावून उघड खेळ करतात आणि घुमणारा बाबा खेळ आहे हे लपवून लुबाडतो.

कायद्यानेही नेमका हाच फरक केला आहे. २०१३ हे साल ध्यानात ठेवा. त्या वर्षी जून महिन्यात 'झपाटलेला २' आला, तात्या विंचू थ्रीडीमध्ये परतला. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर लगेच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. दाभोलकर खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. या कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पण तो कोणत्या गोष्टीला गुन्हा म्हणतो? अंगात शक्ती संचारल्याचे भासवून लोकांच्या मनात भीती घालणे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे. गोष्ट सांगणे, खेळ करणे हा त्यात गुन्हा नाही. कायद्याला बाबा चमत्काराशी कर्तव्य नाही, तुमच्या आळीतल्या बाबाशी आहे.

त्याच कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक कृत्य आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हाही गुन्हा आहे. विंचू! आता आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खऱ्या विंचवाची गोष्ट ऐका, कारण ती आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

कोकणातला लाल विंचू म्हणजे साक्षात मरण होते. पेंढ्याचा भारा उचलताना, दगड हलवताना, अनवाणी चालताना तो डसायचा. डसायचा कोणाला? शेतमजुराला, त्याच्या बायकोला, त्याच्या पोराला. मग मांत्रिकाकडे धाव, मंत्र, अंगारा, आणि पहाटेपर्यंत पोर गेलेले. सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण सरकारी डॉक्टर आला. तो रोग्यांच्या खाटेशी रात्र रात्र बसला. विष हृदयावर घाला घालते, फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस मरतो, हे त्याने पाहिले, टिपले, आणि १९८२ साली 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीचा वापर त्याने विंचूदंशावर केला. १९८६ साली त्यावरचा निबंधही 'लॅन्सेट'ने छापला. गंभीर दंशाच्या रुग्णांत शेकडा चाळीसच्या आसपास असलेले मृत्यू एका टक्क्याच्या जवळ आले. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

बंधूभगिनींनो, याला म्हणतात मृत्युंजय! आणि हा मृत्युंजय मंत्र बाबा चमत्काराच्या गुहेतून आला नाही, आपल्याच जिल्ह्यातल्या सरकारी आरोग्य केंद्रातून आला. वस्तीतल्या पोराला तात्या विंचूचा मंत्र तोंडपाठ आहे, आणि खऱ्या विंचवाला हरवणाऱ्या डॉक्टरचे नाव ठाऊक नाही. याचा दोष सिनेमाला देऊन आपण मोकळे होणार आहोत का? ती गोष्ट सांगायचे काम कोणाचे होते? कोठारेंचे की आपले?

म्हणून माझे सांगणे असे की विहाराच्या पटांगणात पडदा लावा. 'झपाटलेला' दाखवा, पोरांना पोटभर हसू द्या. मात्र सिनेमा संपल्यावर दिवे लागताच उठून जाऊ देऊ नका. एखाद्या होतकरू पोराला बोलका बाहुला घेऊन उभे करा आणि ओठ न हलवता आवाज कसा निघतो ते साऱ्यांसमोर उलगडू द्या. मग बावस्करांची गोष्ट सांगा. मग कायद्याची अनुसूची वाचा, आणि या कायद्याखाली दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी नेमलेला असतो, त्याच्याकडे जाता येते, हेही सांगा. पोरे ऐकतील. कारण आधी तुम्ही त्यांच्या आवडीचा मान राखलेला असेल. ज्याच्या प्रेमाला तुम्ही मूर्खपणा म्हणता, तो तुमचे व्याख्यान कशाला ऐकेल?

'आवाज कोणाचा?' हा प्रश्न एकदा पोरांच्या जिभेवर बसला की तो बाबाबुवांपाशी थांबणार नाही. ग्रामसभेत राखीव जागेवरची आमची सरपंच ताई ठराव वाचते तेव्हा आवाज कोणाचा? निवडणुकीच्या आदल्या रात्री आमचाच पोरगा आमच्याच वस्तीत येऊन कोणाची तरी भाषा बोलू लागतो तेव्हा आवाज कोणाचा? व्यासपीठावर निळा फेटा बांधून बसवलेला पुढारी बोलतो, ओठ त्याचे हलतात, पण घसा कोणाचा असतो?

हे प्रश्न विचारणारी पिढी हवी असेल तर तिच्या हातातला बाहुला काढून घेऊ नका. तो बोलतो कसा, तेवढे तिला उघडून दाखवा.