ओजेटीत कामाला गुण द्या, कागदाला नको

सहाव्या सत्राची लॉगबुके तपासून होताच समन्वयकांची पत्रे आली. त्यातल्या एका पत्राने संताप आला. बी.कॉम.च्या एका विद्यार्थिनीने ओजेटीसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणासाठी, हार्डवेअरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे १२० तास काम केले. खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी ताडून पाहिली, न जुळणाऱ्या बिलांसाठी पुरवठादारांचा पिच्छा पुरवला, थकलेल्या उधारीची महिनावार यादी लावली. महाविद्यालयाने तिचा अहवाल परत केला. का, तर प्रमाणपत्रावर एचआरची सही नाही आणि व्यापाऱ्याकडे कंपनीचा ई-मेल नाही! त्याच वर्गातल्या एकाने पैसे भरून घेतलेले ऑनलाइन इंटर्नशिपचे प्रमाणपत्र मात्र क्यूआर कोड पाहून मंजूर झाले.

२० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने पदवीच्या आराखड्यात ओजेटीला चार क्रेडिट दिली. काम मुख्य विषयाशी निगडित असावे, एवढी त्याची अपेक्षा. एचआर विभागाची अट शासनाची नाही. ती आपल्याच समित्यांनी नॅकच्या फायली डोळ्यांसमोर ठेवून घातली आहे. तालुक्याच्या गावात एचआर विभाग असलेली किती आस्थापने आहेत, हे ती घालताना कोणी विचारले नाही. पेढी, यंत्रमाग, पतसंस्था, कर सल्लागाराचे कार्यालय, हीच तिथली कामाची ठिकाणे.

सरकारी योजनांकडे बोट दाखवण्यातही अर्थ नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणाऱ्याला तिच्यात जागा नव्हती, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. आपल्या मुलांना ठिकाण शोधून देणे आपल्यावरच आहे. एका मार्गदर्शकाच्या माथी अख्खा वर्ग मारणाऱ्या प्राचार्यांनीही हे ऐकावे.

महाविद्यालयातल्या विद्यार्थी मंडळांची गतही वेगळी नाही. सहशैक्षणिक क्रेडिटांच्या यादीत एनएसएस, एनसीसी, क्रीडा, योग, कला आहेत. वाणिज्य मंडळाचे किंवा ई-सेलचे नाव नाही. म्हणून ती दुर्लक्षित. जुलैत पदे वाटायची, एक व्याख्यान ठेवायचे, छायाचित्र काढायचे, संपले. वास्तविक महोत्सवाचे अंदाजपत्रक, प्रायोजकांशी वाटाघाटी, व्हाउचर, हिशेब हे सारे मुलांच्या हाती द्यावे आणि दुसऱ्या वर्गाच्या चमूकडून त्याचे ऑडिट करून घ्यावे. ताळमेळ न लागलेल्या रकमेचा जाब वर्गमित्रापुढे देताना मुलगा जे शिकतो, ते सत्रभराच्या टिपणांत नसते. मुलाखतीतही त्याला सांगण्यासारखे काही असते.

सहकाऱ्यांनो, परिपत्रकाची वाट पाहू नका. सुट्टी लागण्याआधी गावच्या व्यापारी असोसिएशनकडे जा, सनदी लेखापालांना भेटा. मुलाला नुसते बसवून ठेवणार नाही, रोज ठरलेले काम देऊ, एवढे त्यांच्याकडून लिहून घ्या. मधल्या काळात एकदा तरी प्रत्यक्ष ठिकाणी जा. व्हायव्हात शिक्का पाहू नका; त्याने केलेला एक कागद समोर ठेवा आणि विचारा, ही रक्कम इथे कशी आली? पैसे घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्यांचे कागद सरळ नाकारा. पालक तक्रार घेऊन येतील, प्राचार्य सांभाळून घ्या म्हणतील. तरी नाकारा. आणि त्या विद्यार्थिनीच्या महाविद्यालयाला विनंती: निकाल लागण्यापूर्वी तिचा अहवाल पुन्हा मागवून घ्या आणि तिची चार क्रेडिट तिला द्या.