तळपायावरचा तीळ साधा की धोक्याचा? ॲपवर विसंबण्याआधी हे वाचा

तिळाचा फोटो काढा, तो साधा की कर्करोगाचा हे काही सेकंदांत कळेल, असा दावा करणारी ॲप आता सहज मिळतात. रत्नागिरीत भातलावणीला अनवाणी उतरणाऱ्या कुणाच्या तळपायावर काळा डाग दिसला, तर घरातली तरुण मंडळी आधी मोबाइलच पुढे करतील. (पायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग, असं सांगणारेही घरात असतातच.) ॲपने ‘साधा तीळ’ म्हटलं की दवाखाना टळतो. धोका नेमका इथे आहे.

त्वचारोगतज्ज्ञ तीळ डर्मोस्कोपने पाहतात. साधारण दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि खास प्रकाश असलेलं हे हातात मावणारं उपकरण त्वचेवरची चकाकी घालवतं, त्यामुळे आतल्या रंगाची नक्षी दिसते. तळपायावर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. साध्या तिळात रंग बहुधा या रेषांमधल्या खाचांत असतो. मेलानोमा या कर्करोगात तो उंचवट्यांवर दिसतो. घाईत काढलेल्या मोबाइल फोटोत हा फरक सापडणं कठीण.

एआयला हा फरक शिकवता येतो. पण तो शिकलाय कोणाच्या त्वचेवर? संशोधनात खूप वापरला जाणारा ‘हॅम १००००’ हा २०१८ चा संच व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून आला, म्हणजे मुख्यतः गोऱ्या त्वचेचा. त्यातल्या १०,०१५ छायाचित्रांपैकी ६,७०५ साध्या तिळांची आहेत. म्हणजे डोळे झाकून दर वेळी ‘साधा तीळ’ म्हणणारं सॉफ्टवेअरही इथे ६७ टक्के गुण मिळवेल! अचूकतेच्या जाहिराती वाचताना एवढं लक्षात असू द्या. २०२२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी बायोप्सीने निदान पक्कं झालेल्या ६५६ छायाचित्रांवर अशी सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा काळ्या-सावळ्या त्वचेवर त्यांची कामगिरी घसरली.

भारतात मेलानोमा दुर्मीळ आहे आणि बहुतेक तीळ निरुपद्रवीच असतात. पण सावळ्या त्वचेत तो होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. कुरूप असेल, काटा रुतला असेल, नखाला मार लागला असेल, असं म्हणत महिने जातात. गायक बॉब मार्लेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. १९७७ मध्ये निदान झालं, १९८१ मध्ये तो ३६ व्या वर्षी गेला.

म्हणून ॲपच्या आधी ग्रामीण रुग्णालयांत डर्मोस्कोप हवा. त्यातून काढलेला फोटो जिल्ह्याच्या तज्ज्ञाकडे पाठवणं अवघड नाही. ई-संजीवनीमुळे दूरसल्ला सरकारी यंत्रणेला नवा राहिलेला नाही. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रुग्णांच्या संमतीने, बायोप्सीच्या निकालासह कोकणातल्या त्वचेची छायाचित्रं तिथे जमवता येतील, तळपायांसकट. सॉफ्टवेअरला शिकवायचं तर त्यावर शिकवावं.

तोवर डाग वाढत असेल, कडा वेड्यावाकड्या होत असतील, रंग बदलत असेल, रक्त येत असेल किंवा नखातली काळी रेघ रुंदावत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ॲप काहीही म्हणो.