शिपायाचें पत्र जपा

रणांगणावरून आलेलें पत्र हा घरचा कागद खरा. पण तोच रयतेचा इतिहास आहे, हें आमच्या लोकांस अजून उमगलेलें नाहीं. सेनापति आपल्या आठवणी छापतो, सरकार आपले अहवाल काढतें. नांगर सोडून बंदूक धरणारा कुणब्याचा पोर मात्र आईला चार ओळी धाडतो आणि त्यांना वाळवी लागते. मग शिपायाचे हाल सांगणार कोण?

पहिल्या महायुद्धांत हिंदी शिपायाचा पगार दरमहा ११ रुपये होता. फ्रान्सांतून त्यानें घरीं धाडलेलें पत्र सरकारी तपासनीस वाची. बहुतेकांस लिहितां येत नसे, म्हणून लेखणी दुसऱ्याची. पण आमचा माणूस निरक्षर असला तरी बावळट नव्हता! काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरा, अशा खुणेच्या भाषेंत तो पडलेल्या माणसांचा हिशेब घरीं कळवी. या पत्रांचे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत, पण बहुतेक इंग्रजी भाषांतराच्या रूपांत. शिपायाचा स्वतःचा बोल त्यांत फारसा उरला नाहीं.

मराठ्यांच्या पलटणींचा कस लागला तो मेसोपोटेमियांत. कुत-अल-अमारा येथें ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत फौज वेढ्यांत अडकली. आंत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य सांपडलें तर दळण्याची सोय अपुरी, म्हणून विमानांतून जात्याचे दगड टाकावे लागले! पुढें पीठहि टाकलें. पण हजारों तोंडांना तें कितीसें पुरणार? शरणागतीनंतर हे शिपाई वाळवंटांतून पायीं हांकले गेले आणि भुकेनें, रोगानें मोठ्या संख्येनें मेले.

१९१७ सालीं चौकशी मंडळाचा अहवाल निघाला, तेव्हां जग हादरलें. जखमींना दिवसचे दिवस मलमपट्टीवांचून, स्वतःच्याच घाणींत पडून नदीनें आणलें होतें. मेजर कार्टर या डॉक्टरानें तें वरिष्ठांस कळविलें, तर त्यासच धमकावण्यांत आलें. पण अखेर त्याच्या लेखी साक्षीचा उपयोग झाला, आणि भारतमंत्री चेंबरलेन यांनीं राजीनामा दिला. ज्यानें भोगलें, त्या शिपायाचा कागद मात्र त्या दप्तरांत शोधावाच लागेल.

त्याच १९१७ सालीं कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू छत्रपतींनीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. अक्षरओळख ही नुसत्या नोकरीची शिडी नव्हे. आपलें दुःख आपल्याच हातानें मांडण्याचें तें हत्यार आहे. हत्यार हातीं आलें, आतां तें गंजूं देणें शोभत नाहीं.

म्हणून कागल तालुक्यांतील शेतकरी, सुतार, लोहार, चांभार, कुंभार बांधवांस आमचें सांगणें आहे: आजा-पणजाची ट्रंक उघडा. पत्र, पेन्शनचा कागद, पदक, फोटो, जें असेल तें कोरडें ठेवा. नांव, गांव व पलटण वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. अस्सल घरांतच असूं द्या, नक्कल मात्र कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत दाखवा. आज मोबाईलवर येणारा जवानाचा निरोप तर एका बोटानें पुसला जातो. सुट्टीवर आलेल्या पोरास बसवून त्याची हकीकत वहींत उतरून घ्या. सलामी एका दिवसाची असते. पण लिहिलेला शब्द नातवापर्यंत पोंचतो आणि सरकारासहि जाब विचारतो.