तात्पुरत्या मुक्कामाची शाळा

‘दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे मामा, उगाच तिला जर्मनचं ओझं कशाला?’ माझ्या भाचीची पुण्याहून बर्लिनला बदली झाली आहे. मुलगी पावणेसहा वर्षांची. इंग्रजी माध्यमाची आंतरराष्ट्रीय शाळा तिने मनाशी ठरवूनही टाकली होती; मला विचारले ते केवळ रीत म्हणून. मी भांडलो. तेच भांडण इथे पुन्हा मांडतो, कारण अशा भाच्या घरोघरी आहेत.

जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही. बर्लिनमध्ये राहत्या पत्त्यावरून जवळची शाळा ठरते. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चार वर्षांची, बर्लिनमध्ये सहा. त्यानंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. नऊ-दहा वर्षांचे मूल घेऊन जाणाऱ्यांची धास्ती म्हणून मला समजते. भाषा अंगवळणी पडण्याआधीच त्या मुलाची वाट ठरून जाण्याचा धोका असतो. पण ही तर पहिलीत बसणार! पहिल्या दिवशी तिथली मुले खाऊने भरलेला पुठ्ठ्याचा भलामोठा शंकू कवटाळून शाळेत येतात, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनाही अजून वाचता येत नसते. बोलता येते, हिला येणार नाही, हे खरे. काही महिने ती गप्प राहील, एखाद्या दिवशी रडत घरी येईल. ते सोपे आहे असे मी म्हणत नाही. पण जिन्यात भेटणाऱ्या मुलाशी तिला खेळता यायचे असेल, तर दुसरा रस्ता कोणता?

आणि इंग्रजीची काळजी कोणी करू नये. परत आल्यावर पुण्यात ती चुकवू म्हटले तरी चुकायची नाही.

बोलता बोलता भाची म्हणाली, ‘पालकसभेत मी काय बोलू रे?’ म्हणजे ओझे मुलीला नव्हतेच.

महाराष्ट्रात सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, तेव्हा हीच भाची खूश होती. ‘इथे राहायचं तर इथली भाषा शिका,’ हे सोसायटीतल्या परप्रांतीय शेजाऱ्यांना ऐकवताना तिची जीभ कधी अडखळली नाही. तेही बदलीवरच आले होते, त्यांचाही मुक्काम ‘दोन-तीन वर्षांचा’च होता. मला तिचे म्हणणे तेव्हा पटले होते, आजही पटते. पण तो नियम मुंबईच्या विमानतळापर्यंतच लागू होता, हे मला ठाऊक नव्हते.

मी बडोद्याचा. शाळेत गुजराती, गल्लीत गुजराती, आईचा ओरडा मात्र मराठीत. गुजरातीने माझ्या मराठीचा घास घेतला नाही. माझ्या नातवंडांची मराठी गेली ती आम्हीच घरात इंग्रजी बोलू लागलो म्हणून. तेव्हा बर्लिनमध्ये मराठीचे काय, हा प्रश्न भाचीने कोणत्याच शाळेला विचारू नये. तो रात्री गोष्ट सांगताना सुटेल, नाहीतर सुटणार नाही.

‘बघते,’ म्हणून तिने फोन ठेवला. आमच्या घरात ‘बघते’ म्हणजे ‘नाही’. तरी काल तिचा निरोप आला: नव्या घरापासून सरकारी शाळा सात मिनिटांच्या वाटेवर आहे.