एफएमच्या समासातील मजकूर

एफएम केंद्रावरून एखादे गाणे आपल्या कानी पडत असते तेव्हा त्याच लहरीवरून, कानाला यत्किंचितही न जाणवता, अक्षरांचा एक अखंड प्रवाहही येत असू शकतो, ही गोष्ट नित्यनेमाने रेडिओ ऐकणाऱ्यांपैकीही फार थोड्यांस ठाऊक असते. मोटारीतील रेडिओच्या पडद्यावर जे केंद्राचे नाव उमटते, क्वचित चालू गीताचे शीर्षक सरकताना दिसते, ते याच प्रवाहातून वेचलेले असते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या प्रक्षेपकांच्या संघाने १९८४ साली या पद्धतीचा आराखडा प्रसिद्ध केला आणि तिला रेडिओ डेटा सिस्टीम, संक्षेपाने आरडीएस, असे नाव दिले. पोथीच्या समासात टीप लिहावी तशी ही सोय आहे. मूळ पाठाला धक्का लागत नाही, परंतु वाचणाऱ्याला तो पाठ कोणाचा, कोणत्या काळचा आणि पुढे कोठे पाहावे, हे कळते.

या टिपेची रचना मोठी शिस्तीची आहे. ध्वनी १५ किलोहर्ट्झपर्यंत मावतो, १९ वर स्टिरिओची खूण सांगणारा एक बारीक सूर असतो, ३८ च्या दोन्ही अंगांस डाव्या-उजव्या ध्वनीतील फरक पसरलेला असतो आणि १९ च्या बरोबर तिप्पट, म्हणजे ५७ किलोहर्ट्झवर, माहितीची उपलहर बसवलेली असते. ५७,००० ला ४८ ने भागले असता येणारा ११८७.५ हा आकडा तिचा वेग. सेकंदाला तितके बिट. १०४ बिटांचा एक गट, गटाचे चार खंड, आणि प्रत्येक खंडात १६ बिट मजकुराचे व १० बिट पडताळ्याचे. हे प्रमाण पाहून ज्यांना उधळपट्टी वाटेल त्यांनी घाटातून धावणाऱ्या मोटारीच्या एरियलपर्यंत पोहोचताना त्या लहरीची काय दुर्दशा होते, याचा विचार करावा. केंद्राचे नाव आठ अक्षरांचे, पण एका गटात त्यातील दोनच मावतात. म्हणून क्षीण संदेश वाचताना पडद्यावर आधी तिसरे-चौथे अक्षर येते, मग सातवे-आठवे, मधली जागा काही काळ रिकामी राहते आणि एकाएकी नाव पुरे होते. दर मिनिटाला येणारा घड्याळाचा गट तर याहून मौजेचा आहे. त्यात आजची तारीख लिहिलेली नसते. १७ नोव्हेंबर १८५८ पासून किती दिवस लोटले एवढेच असते, आणि स्थानिक वेळेचा फरक अर्ध्या तासांच्या हिशेबाने दिलेला असतो. आपले साडेपाच तास हे अकरा अर्धे म्हणून त्या हिशेबात नेमके बसतात. बिचाऱ्या नेपाळचे पावणेसहा मात्र बसत नाहीत.

हा सारा मजकूर वाचण्यासाठी पूर्वी रेडिओच्या पोटात खास चिप असावी लागे, आणि ती कारखानदाराच्या मर्जीला येईल तेवढेच दाखवी. २०१२ च्या सुमारास मात्र असे ध्यानात आले की, डिजिटल दूरदर्शन पाहण्याकरिता विकली जाणारी, रिअलटेकच्या आरटीएल२८३२यू या चिपवर बेतलेली अंगठ्याएवढी यूएसबी उपकरणे हवेतील लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाच्या हवाली करू शकतात. मग केंद्र निवडणे, गाळणे, उलगडणे ही जी कामे तारांच्या वेटोळ्यांकडे व धारित्रांकडे होती ती प्रोग्रामांकडे आली. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात तो हाच. जीएनयू रेडिओ, एसडीआर-शार्प, जीक्यूआरएक्स ही नावे या छंदातील मंडळींच्या तोंडी रोजची आहेत. परंतु केवळ आरडीएसपुरते बोलायचे तर फिनलंडच्या ऊना राइसानेन यांनी लिहिलेला ‘रेडसी’ हा लहानसा प्रोग्राम मला सर्वांत देखणा वाटतो. त्याला सेकंदाला १,७१,००० नमुने पुरवावेत, म्हणजे पुन्हा सत्तावन्नाची तिप्पट, आणि तो प्रत्येक गट उलगडून एकेक ओळ रुजू करीत जातो: केंद्राची सांकेतिक संख्या, कार्यक्रमाचा प्रकार, शेजारच्या प्रक्षेपकांच्या कंप्रता, वेळ. कारखान्याच्या रेडिओने जे कधीच दाखवले नसते ते सर्व.

येथवर हा विषय छंदिष्टांचा वाटेल; परंतु त्यात सार्वजनिक हिताचा एक प्रश्न दडलेला आहे. युरोपात याच उपलहरीवरून रस्त्यांवरील वाहतुकीची वार्ता मोटारींतील मार्गदर्शक यंत्रांना पाठवण्याची प्रथा पडली, आणि ती वर्गणीदारांपुरती राखावी म्हणून काही सेवांनी तिला कुलूप घातले. कुलूपही असे की, घटनेचा प्रकार उघड ठेवायचा आणि ठिकाण तेवढे झाकायचे; अपघात झाला हे साऱ्यांनी वाचावे, कोठे झाला हे मात्र पैसे भरणाऱ्यानेच. किल्ली अवघी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ शक्यतांची. राइसानेन यांनी २०१३ मध्ये ती घरच्या संगणकावर सोडवून दाखवली. त्याआधीच, २००७ मध्ये, आंद्रेआ बारिसानी आणि दानिएले बियांको या दोन इटालियन संशोधकांनी दुसरी बाजू उघडकीस आणली होती: संदेश कोणी धाडला याची शहानिशा करण्याची तजवीज या पद्धतीत नसल्यामुळे खोटी वार्ता मोटारीच्या यंत्राला निमूटपणे गिळायला लावता येते. ऐकणाऱ्यास कुलूप आणि लबाडी करणाऱ्यास मोकळे रान, असा हा उफराटा कारभार. वार्ता गोळा करण्यास खर्च येतो आणि त्याचा मोबदला कंपनीला मिळावा, हे मला मान्य आहे. परंतु ज्या लहरीवर ती वार्ता स्वार होते ती लहर कंपनीची नव्हे.

आपल्याकडे हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात, निःसंदिग्ध शब्दांत सांगून ठेवले आहे. ध्वनिलहरी वाहून नेणाऱ्या कंप्रता ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा देणाऱ्या त्या खंडपीठाचे प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे तो जमाना पाहिलेली माणसे अद्याप हयात आहेत. त्या परवान्याच्या अमदानीतून आपण सार्वजनिक मालकीच्या तत्त्वापर्यंत आलो. आता ती मालकी समासालाही लागू आहे, हे प्रक्षेपकांनी ओळखले पाहिजे. (दुसऱ्या कोणासाठी धाडलेले खासगी वा सरकारी संदेश याच उपकरणाने चोरून ऐकणे ही निराळी गोष्ट आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही आणि कायदाही करीत नाही.)

या समासात आपली केंद्रे लिहितात काय? जी लिहितात त्यांच्यापैकी अनेकांचा मजकूर रोमन लिपीतील नावापलीकडे जात नाही. याला नाइलाज होता तोवर गोष्ट वेगळी. जुन्या मानकात देवनागरीला जागाच नव्हती. अलीकडील आंतरराष्ट्रीय मानकात मात्र केंद्राच्या दीर्घ नावासाठी युनिकोडचे ३२ बाइट राखून ठेवलेले आहेत आणि जुने रेडिओ ती नोंद बिनतक्रार ओलांडून जातात. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, काना-मात्रा-वेलांटी वेगळी धरून, तीन बाइट लागतात. ‘आकाशवाणी’ला २४ पुरतात आणि ‘विविध भारती’ मधल्या रिकाम्या जागेसह ३१ बाइटांत, अगदी काठाशी, मावते. ते दाखवणारे रेडिओ आज थोडे असतील. परंतु पाठवणाराच नसेल तर दाखवणारा कारखानदार पुढे येईल कशाला?

लिपीहूनही निकडीची बाब आणखी आहे. आरडीएसच्या कार्यक्रमप्रकारांत ३१ हा क्रमांक धोक्याच्या सूचनेसाठी राखीव आहे. तशी सोय असलेला रेडिओ तो दिसताच चालू गाणे बाजूस सारून सूचना ऐकवू लागतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा वीज गेली आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले; अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ आणि दूरच्या डोंगरावरचा प्रक्षेपक एवढेच हाताशी उरते. तो क्रमांक कोणी, केव्हा व कोणाच्या हुकुमाने लावायचा याचा शिरस्ता वादळ येण्यापूर्वी ठरलेला आणि जाहीर झालेला हवा, आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर, चाचणीसाठी राखलेला ३० वा क्रमांक लावून त्याची तालीमही व्हावी. तालमीचा संदेश खरोखर हवेत गेला की कागदावरच राहिला, याची पडताळणी जिल्ह्यातील कोणत्याही अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी दोन-तीन हजार रुपयांच्या उपकरणाने करू शकतील. आकाशवाणीच्या अभियांत्रिकी विभागाने आणि राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन खात्याने हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी, कोकणातील केंद्रांपासून, हाती घ्यावे.