मोहफुलाचे गोड

मराठी गोडाधोडाचा विषय निघाला की पुरणपोळी, उकडीचे मोदक, श्रीखंड ही नामावळी ठरलेली असते. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले आणि घरोघरी पोहोचले. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'मराठी चव' म्हणून जी रूढ झाली, तिचे प्रमाणभाषेसारखेच झाले आहे. काही प्रदेशांची आणि काही जातींची चव साऱ्यांची म्हणून मान्य झाली.

देवरी हा छत्तीसगडला लागून असलेला, झाडीपट्टीतला जंगलाचा तालुका. इथल्या गोडाचा आरंभ साखरेपासून नव्हे, मोहापासून होतो. फाल्गुन-चैत्रात रात्रभर टपटपणारी फुले पहाटे वेचायची, अंगणात वाळवायची, आतले केसर झटकून भरून ठेवायची. वाळलेले फूल मनुकेसारखे दिसते. ते भाजून, तीळ किंवा जवसासोबत कुटले की लाडू वळता येतात. फुलातच इतकी साखर असते की गूळही लागत नाही. फुले शिजवून गाळलेला रस आटवला, तर काकवीसारखा दाट पाक होतो. वाफवलेली फुले कण्यांबरोबर किंवा डाळीबरोबर शिजवली, की तेच एका वेळचे जेवण. पक्वान्न आणि पोटभरीचे अन्न यांत आपण जी भिंत उभी करतो, ती या चुलीपाशी नाही.

आणि मराठी समीक्षेची अडचण नेमकी इथे आहे. साहित्यातले अन्न आपण दोनच रीतींनी वाचतो : ललित निबंधात स्मरणरंजन म्हणून, अथवा 'बलुतं'पासूनच्या दलित आत्मकथनांत भूक म्हणून. मोहाचा लाडू या दोहोंत बसत नाही. तो अभावाची खूण नव्हे, की सणाचा थाटही नव्हे. त्यात कौशल्य आहे, चवीची निवड आहे. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची अशी नोंद, कसलाही संकोच न बाळगता, केली. झाडीच्या चुलीलाही तसाच लेखक हवा आहे.

संकोचाचा मुद्दा गौण नाही. मोह म्हणजे दारू, हे समीकरण कायद्याने आणि नागर समाजाने इतके पक्के केले की फुले वेचणे व साठवणे यांवरील निर्बंध राज्यात २०२१ मध्ये उठले, तरी वर्गात 'मोह' म्हटले की आधी हसू उमटते. घरी आजीने हेच लाडू वळलेले असतात, आणि तरीही 'आमच्याकडील पक्वान्न' या विषयावर विद्यार्थी पुरणपोळीवर लिहितो. (पुरणपोळीचा यात काहीच दोष नाही.)

बोलीभाषेच्या अभ्यासपत्रिकेत आपण शब्दांच्या याद्या करून घेतो. यादीत पदार्थाचे नाव येते; फूल किती वाळवावे, केसर का झटकावे, आच किती असावी, हे येत नाही. ते ज्ञान आज सत्तरीतल्या बायांच्या हातांत आहे. उन्हाळ्याच्या सुटीतल्या प्रकल्पासाठी विद्यार्थ्यांना विषय द्यायचाच असेल, तर तो हा द्यावा; आणि आजीच्या कृती तिच्याच बोलीत, तिच्याच मापांनी उतरवून घ्याव्यात.